पोटातून बोलणारी गिटार

लुंग प्रयोंग, म्हणजे प्रयोंगकाका, यांच्या दुकानाच्या पाटीवर रेडिओ, टीव्ही, अँप्लिफायर असं सगळं लिहिलेलं आहे, पण लोमकावचे लोक तिथे पंखेच घेऊन येतात. उन्हाळ्यात तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पंखे जमिनीवर, पंखे खुर्चीवर, आणि मधे घामाघूम लुंग, कारण स्वतःचा पंखा दुरुस्त करायला त्यांना कधी वेळ झालेला नाही.

मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे. त्यात पंख्याचं काहीही नाही. मऊ कापडावर मांडून ठेवलेले एका जुन्या जपानी गिटारचे सुटे भाग आहेत. तारा ताणायच्या सहा खुंट्या. पियानोच्या दातांसारखी चार पांढरी बटणं. तारांखाली बसून आवाज पकडतो तो पिकअप, एकच. बशीएवढा गोल स्पीकर आणि त्याची जाळी. बॅटरीच्या खाचेवरचं पितळी झाकण. आणि गिटारच्या माथ्यावर ठोकायची चांदीच्या रंगाची एक इवलीशी पाकोळी, पंख पसरलेली. गिटार तेवढी नव्हती. ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाजारातली माणसं यावरून लुंगना सोडत नसत. भाजीवाला म्हणायचा, "गळ्यातली घंटा घेऊन ठेवलीय, म्हैस काय, येईल सावकाश." पा मालै, म्हणजे लुंगची बायको, तिचं म्हणणं जरा वेगळं होतं. ती म्हणायची, नवऱ्याने बाहेर एखादी बाई ठेवली असती तर निदान तिचा पत्ता तरी लागला असता, दोन शब्द सुनावून आले असते. हिचा पत्ता नाही, नाव नाही, आणि धूळ मात्र मी पुसायची.

मी लुंगच्या बँडमध्ये बेस वाजवतो. आमचा बँड म्हणजे एक गाडा. त्यावर घरी बनवलेले स्पीकर माणसाच्या दीडपट उंचीपर्यंत रचलेले, खाली जनरेटर, मधे आम्ही. गावात कुणाचा मुलगा भिक्षू व्हायला निघाला की त्याला खांद्यावर बसवून विहाराकडे नेतात, आणि पुढे आमचा गाडा चालतो. चालतो म्हणजे सरकतो, कारण म्हाताऱ्या बायका गाड्यासमोर नाचायला लागल्या की त्यांना बाजूला हो म्हणायची छाती कुणाची नाही. अशा मिरवणुकांत लुंगच्या डाव्या कोपराशी मी बरीच वर्षं उभा आहे. त्यामुळे गिटारची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मधेच ते थांबले तर पुढचं वाक्य मी सांगू शकतो.

ती अशी. लुंग लहान असताना डोंगराकडच्या गावांत वीज नव्हती. औषधं विकणाऱ्या कंपन्यांचे ट्रक फिरायचे. शेतात पांढरा पडदा बांधायचे, जनरेटर लावून सिनेमा दाखवायचे, आणि ऐन मारामारीत सिनेमा थांबवून पोटदुखीच्या गोळ्या विकायला बसायचे. पुरेशा गोळ्या खपल्याशिवाय नायकाला पुढचा ठोसा मारायची परवानगी नसे. एका संध्याकाळी गोळ्या खपल्या, पण जनरेटर बसला तो बसलाच. पडदा काळा. लोक चटया गुंडाळायला लागले. पैसे दिलेले लोक तर गोळ्याही परत करायला लागले. तेव्हा ट्रकवरचा एक माणूस लाल रंगाची गिटार घेऊन टपावर जाऊन बसला आणि वाजवू लागला. वायर नाही, स्पीकरचे खोके नाहीत, काही नाही. आवाज गिटारच्या पोटातून येत होता. पोटाला गोल जाळी होती आणि माथ्यावर पाकोळी चमकत होती. पोरगेल्या प्रयोंगने ट्रकखाली वाकून पाहिलं, कुठे तार लपवलीय का. नव्हती. विजेची गिटार विजेशिवाय बोलत होती.

"त्या दिवशी माझं जे पोट दुखायला लागलं," लुंग म्हणायचे, "त्यावर त्यांच्याकडे गोळी नव्हती."

पुढे ते वायरमनचं काम शिकले, गिटार शिकले, आणि शोधायला लागले. इंटरनेट आल्यावर एका जपानी म्हाताऱ्याशी त्यांची ओळख झाली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, पण फोटो येत होते. त्याच्याकडून कळलं की असल्या गिटारी एका लहानशा कारखान्याने थोडाच काळ बनवल्या. स्वतःचं नाव ते घालतच नसत. ज्या दुकानाची मागणी असेल त्या दुकानाचं चिन्ह ठोकून पाठवत. पाकोळीवाल्या फार थोड्या निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांची पोटं बॅटऱ्या झिरपून सडली.

लुंग मग जिथे बातमी लागेल तिथे जायचे. उडोनला गेले, तिथे खेळण्यातली गिटार निघाली. लोयच्या एका विहारात कुणी जुनी गिटार दान दिल्याचं कळलं. तिथे गेले तर भलतीच होती. तिथल्या मुख्य भिक्षूंनी त्यांना आसक्तीवर छान प्रवचन दिलं आणि मग विहाराचा कर्णा बिघडलाय तेवढा बघता का म्हणून विचारलं. लुंग कर्ण्यात अडकले ते चौथ्या दिवशी घरी आले. पण रिकाम्या हाताने फारसे यायचे नाहीत. बँकॉकच्या जुन्या बाजारात स्पीकर मिळाला, विएनचानला खुंट्या मिळाल्या, पाकोळी तर एका न्हाव्याच्या आरशाला चिकटवलेली होती, ती लुंगनी दोनदा दाढी करून मिळवली.

आता दुसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. नायांग गावचे ख्रू सिथोन. ख्रू म्हणजे गुरू. ते फिन वाजवायचे. फिन म्हणजे आमच्याकडची तीन तारांची वीणाच, पुढे नागाचं डोकं कोरलेलं. ख्रू सिथोन यांचं फिन काळं कुळकुळीत, अंगाने जरा आडवं, कुणासारखं नाही असं. त्यांचाही गाडा होता. दोन गावांच्या दोन मिरवणुका विहाराच्या तिठ्यावर समोरासमोर आल्या की कुणी आधी जायचं यावरून दोघांची जुंपायची. भांडण तोंडाने नाही, वाद्यांनी. नाचणाऱ्या बायका ज्याच्याकडे वळतील तो जिंकला. बायका बहुतेक वेळा ख्रू सिथोन यांच्याकडे वळायच्या, आणि लुंग गाड्यावरून मला म्हणायचे, "तीन तारा. डबीत डास कोंडलाय."

ख्रू सिथोन वारले तेव्हा लुंग अंत्यविधीला गेले आणि तिथल्या सगळ्या दिव्यांची वायरिंग फुकट करून दिली.

वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी चंथना दुकानात आली. ही ख्रू सिथोन यांची एकुलती एक मुलगी, पस्तिशीची, नायांगच्या वळणावर भाताच्या शेवयांचा ठेला चालवते. कापडात गुंडाळलेलं काळं फिन तिने पंख्यांच्या गर्दीत जागा करून टेबलावर ठेवलं. आवाज गेला होता. आणि पुढच्या गुरुवारी गुरुपूजा होती, वडील गेल्यानंतरची पहिली. पूजेत पहिली धून गुरूच्याच वाद्यावर वाजली पाहिजे. ते वाद्य मुकं राहिलं तर गुरू त्यात उरले नाहीत असं धरतात, आणि मग शिष्यांना दुसरं दार धरायची मोकळीक. वीसेक शिष्य होते. त्यांतले थोडे आधीच दाराकडे बघत होते, कारण गुरूच्या जागी शेवया विकणारी बाई बसणार हे त्यांना पचत नव्हतं.

"बाकीच्यांकडे नेलं असतं," ती म्हणाली, "पण बाबा म्हणायचे, प्रयोंगच्या हाताला अक्कल आहे. तोंडाला नाही."

लुंग म्हणाले, ठेवून जा.

दुसऱ्याच्या गुरूचं वाद्य असंच उघडत नाहीत. पाच जोड्या मेणबत्त्या, पाच जोड्या फुलं पुढे ठेवून क्षमा मागायची. पंखे उघडणाऱ्या माणसाकडे पूजेचं सामान कुठलं असणार? मेणबत्त्या वीज गेल्यावरच्या होत्या, अर्ध्या जळलेल्या. फुलं लुंगनी पा मालैच्या कुंडीतून उपटली. हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि मागचं झाकण काढलं.

बिघाड लगेच सापडला. पिकअपमधली केसासारखी तार तुटली होती. पण लुंग त्या तारेकडे बघत नव्हते, पिकअपच्या डबीकडे बघत होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आतल्या कडेचा काळा रंग जरासा खरवडला. खाली लाल होतं. मग फिन उलटं करून त्याच्या पोटावर बोटाने वाजवत गेले. एका जागी आवाज बदलला. तिथे लाकडाची गोल चकती बसवून वरून रंग दिला होता. बशीएवढी.

"कपाटातलं झाकण आण," ते मला म्हणाले.

मी पितळी झाकण आणून दिलं. पाठीमागे एक चौकोनी खाच होती, तिच्यावर पत्रा ठोकलेला होता. पत्रा निघाला. झाकण तिथे टेकवलं तर ते टक् करून बसलं, जणू दुपारी जेवायला बाहेर गेलं होतं आणि आता परत आलं.

लुंगनी मला दुकानातले चालू असलेले सगळे पंखे बंद करायला सांगितलं. त्या शांततेत त्यांनी चकतीवर पुन्हा एकदा बोटाने वाजवून ऐकलं.

"माझ्या शेजारून जात होती," मग म्हणाले. "दर मिरवणुकीत. आणि मी डास म्हणत होतो."

यात एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर लुंग म्हणजे अगदीच आंधळे वाटतील. आमच्याकडे दुरुस्ती सोडून एरवी दुसऱ्याच्या गुरूचं वाद्य हातात घ्यायचं तर आधी त्या गुरूला फुलं वाहून शिष्य व्हावं लागतं. दुरूनच बघायचं असतं. आणि ख्रू सिथोन यांच्यासमोर फुलं घेऊन बसायचं म्हणजे लुंगनी आधी स्वतःची गिटार विहिरीत टाकली असती. त्यामुळे हाताच्या अंतरावर असलेलं लाकूड त्यांनी कधी उलटं करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाठीवरचा पत्रा दिसला असता.

पा मालैला जेवताना कळलं. तिने चिकट भाताचा गोळा हातात तसाच धरून सगळं ऐकून घेतलं आणि सरळ हिशेब मांडला. पोरीला वाजणारं फिन हवंय, तुम्हाला हे लाकूड हवंय. फणसाच्या लाकडाचं एक नवं, सुरेख फिन करून द्या, सांगा की जुनं आतून सडलंय. ती पाया पडून घेऊन जाईल. कुणाचं काय बिघडतं?

लुंग म्हणाले, तसं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोटरसायकल काढली आणि मला मागे बसवून नायांगच्या वळणावर गेले. चंथनाने विचारायच्या आधीच दोन वाट्या शेवया समोर आणून ठेवल्या. लुंगनी खाण्यापूर्वी सगळं सांगून टाकलं. औषधांचा ट्रक, पाकोळी, कपाट, पत्रा, झाकण. पा मालैने काय सुचवलं तेही सांगितलं, फक्त पा मालैचं नाव न घेता. हे जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना कळलं तर बँकॉकहून माणसं येतील, हेसुद्धा सांगितलं. शेवया तोवर फुगून दुप्पट झाल्या.

चंथनाने ठेल्यावरचं फडकं दोनदा घडी केलं, दोनदा उलगडलं.

"तुम्ही ते ठेवून घेतलं असतं आणि मला नवं दिलं असतं," ती म्हणाली, "तर मी वर तुम्हाला चिंचेची टोपली आणून दिली असती."

"माहीत आहे. तुमच्याकडची चिंच चांगली असते."

मग तिने तिच्या बाजूची गोष्ट सांगितली. औषधांची कंपनी बुडाली तेव्हा शेवटचा ट्रक नायांगलाच थांबला होता. ड्रायव्हर आणि गिटारवाला महिनाभर तिच्या आजोबांच्या घरी राहिले, जेवले, आणि जाताना देण्यासारखं काही नव्हतं म्हणून गिटार ठेवून गेले. तिच्या पोटात बॅटऱ्या झिरपल्या होत्या, ती बोलायची बंद झाली होती. सहांतल्या तीन खुंट्या तुटलेल्या. तिचे वडील तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. गावात सहा तारांचं काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं, तीन तारांचं काय करायचं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी दांडा तासून अरुंद केला, वरच्या पट्ट्या उखडून फिनच्या सुरांवर बसवल्या, माथा कापून तिथे नाग बसवला.

"बाबा म्हणायचे, तीन खुंट्या मोडल्या म्हणजे तिच्या मनात फिनच व्हायचं होतं."

लुंगना हे सहन झालं नाही. "खुंट्या मोडल्या म्हणजे खुंट्या मोडल्या. मिळतात खुंट्या."

"तुम्हाला किती वर्षं लागली मिळायला?"

लुंगनी शेवयांकडे मोर्चा वळवला.

ठरलं ते असं. लुंगनी फणसाचं नवं फिन घडवायला घ्यायचं. गुरुवारी पूजा झाली की ख्रू सिथोन यांनाच विचारायचं, जुन्या लाकडातून उठून नव्यात बसाल का. ते हो म्हणाले तर जुनं लाकूड लुंगचं, मग त्यांनी नाग उतरवावा, काळा रंग घासावा, सहा तारा लावाव्या, काय हवं ते करावं. नाही म्हणाले तर नाही. चंथना म्हणाली, "बाबा तसे कुणाच्याही ओसरीवर बसायचे. बसतील."

पण गुरुवारपर्यंत जुनं वाजायला हवं होतं. तुटलेली तार गुंडाळण्याइतका वेळ नव्हता आणि त्या खोबणीत दुसरा कुठला पिकअप बसत नव्हता, कपाटातला सोडून. लुंगनी कपाट उघडलं. एकदा पिकअप बसवल्यावर त्यांचा हात थांबेना. चंथनाला फोन करून विचारलं, पोटाची चकती काढू का, वडिलांच्या हातची आहे. ती म्हणाली, जपून काढा आणि मला द्या. चकतीच्या जागी स्पीकर बसला, पुढे जाळी बसली, बॅटऱ्या बसल्या. चार बटणांच्या फटी लांबीने बुजवलेल्या होत्या, त्या मोकळ्या झाल्या. खुंट्या आणि पाकोळी तेवढी राहिली, कारण त्यांच्या जागेवर नाग होता. जे मिळवायला लुंगनी आयुष्य घालवलं ते सगळं त्या दोन दिवसांत एका काळ्या फिनच्या पोटात गेलं, आणि ते फिन अजून त्यांचं नव्हतं.

पा मालै दारात उभी राहून बघत होती. "घोडी सजवून दुसऱ्याच्या वरातीला पाठवताय," म्हणाली. मग आत जाऊन त्यांच्यासाठी कॉफी घेऊन आली, जी ती एरवी पंखे चालू असताना देत नाही, थंड होते म्हणून.

गुरुवारी चंथनाच्या अंगणात चटया पसरल्या होत्या. पाटावर डुकराचं उकडलेलं डोकं, कोंबड्या, केळी, नारळ, तांदळाची दारू. वीस शिष्य ओळीने. त्यांतला थोरला, लुंगच्याच वयाचा, दर थोड्या वेळाने घसा खाकरत होता. तो वायर आणि खोका घेऊन सज्ज होता. चंथनाने त्याला हाताने नको म्हटलं. फिन मांडीवर घेतलं, पांढऱ्यांपैकी एक बटण दाबलं आणि सुरुवात केली.

मी तो आवाज कसा होता हे सांगायचा प्रयत्न करून पाहिला आहे, जमत नाही. आमच्या गाड्यावरचा आवाज छातीवर येऊन आदळतो. हा तसा नव्हता. एखादं माणूस शेजारी बसून बोलावं, जरासं घोगरं, घशात थोडी धूळ असलेलं, तसा होता. धून मात्र ख्रू सिथोन यांचीच. तिठ्यावर नाचणाऱ्या बायका पळवणारी. थोरल्या शिष्याचं खाकरणं थांबलं. ओळीतले एकेक जण हात जोडून वाकले.

लुंगनी मान खाली घातली होती. धून संपली तरी त्यांनी ती वर केली नाही, तेव्हा पा मालैने कोपर मारलं.

मग विचारायची वेळ आली. आमच्याकडे गेलेल्यांना विचारायची रीत सोपी आहे. तांदळाच्या वाटीतून चिमूट उचलायची आणि दाणे जोडीजोडीने मांडायचे. जोड्या पूर्ण झाल्या तर हो, एक दाणा एकटा उरला तर नाही. तीनदा विचारायचं, दोनदा येईल ते खरं. ज्याला हवंय त्यानेच उचलायचं. चंथनाने हात जोडून वडिलांना प्रश्न सांगितला, अगदी घरातल्यासारखा: बाबा, प्रयोंगकाकांना हे हवंय, तुमच्यासाठी नवं घडवायला घेतलंय, फणसाचं आहे, चांगलं होईल, जाल का.

लुंगनी पहिली चिमूट मांडली. जोड्या पूर्ण झाल्या. ओळीत कुजबुज झाली. दुसरी मांडली. एक दाणा उरला. थोरला शिष्य पुढे सरकला, कारण आता पुढच्या चिमटीवर सगळं होतं.

तिसऱ्यांदा लुंगनी वाटीत हात घातला, चिमूट उचलली, आणि पानावर मांडण्याऐवजी तशीच धरून बसले. समोर चंथनाच्या मांडीवर ते फिन होतं. अर्धं तिच्या वडिलांचं, अर्धं औषधाच्या ट्रकचं. त्यांनी चिमूट वाटीत परत सोडली.

"असं चालत नाही," थोरला म्हणाला. "मोजा की."

"दाण्यांतून 'नाही' निघालं असतं तर मी ख्रूवर चिडलो असतो," लुंग म्हणाले. "इतकी वर्षं आधीच पुष्कळ चिडून झालंय. आणि 'हो' निघालं असतं तर हा दांडा मला कापावा लागला असता. आता मी तो ऐकलाय. माझ्याच्याने नाही कापवणार."

"मग काकांना द्यायचं काय?" चंथनाने विचारलं. हा प्रश्न तिने वडिलांना विचारला की लुंगना, ते कळलं नाही. ती बघत होती फिनकडे.

लुंगनी तिच्या मांडीवरच्या जाळीकडे बोट केलं. मला वाटलं ते आता पिकअप परत मागतात की काय.

"एकदा वाजवून बघायचीय," ते म्हणाले.

ओळीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. शिष्य नसलेल्याने वाजवायला हात लावायचा नाही. लुंगनाही कळलं होतं. त्यांनी पाटावरच्या पानातून फुलं उचलली, मेणबत्त्या उचलल्या, आणि वीस जणांच्या ओळीच्या शेवटी, तिशीतल्या एका पोराच्या मागे, गुडघ्यांवर जाऊन बसले. गुडघे कटकट वाजले. त्यांचा नंबर येईस्तोवर बराच वेळ गेला. चंथनापुढे आले तेव्हा दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. ती त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने फुलं वडिलांच्या फोटोपुढे ठेवली, लुंगच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, गाठ मारताना म्हणाली, "बाबांना बरंच वाटलं असतं. बोलून दाखवलं नसतं."

"दाखवलं असतं," लुंग म्हणाले. "गावभर."

मग तिने फिन त्यांच्या मांडीवर दिलं.

गिटार कशी धरायची हे त्यांना कपाटासमोर बसून बसून पाठ होतं. पण मांडीवर आली तेव्हा हात कुठे ठेवावा ते कळेना. दांडा नको तितका अरुंद, पट्ट्या भलत्याच ठिकाणी. त्यांनी ट्रकच्या टपावरची ती धून काढायचा प्रयत्न केला. मी ती ओळखतो, गाड्यावर सुरांची जुळवाजुळव करताना ते नेहमी तीच वाजवतात. तिसऱ्या सुरावर अडकले. बोट सरकवलं, पुन्हा अडकले. अंगणातल्या बायकांनी एव्हाना जेवणाची पानं मांडायला घेतली होती. लाप नावाचा तिखट खिमा आणि पपईचा ठेचा यांचा वास आला तसे शिष्य एकेक करून तिकडे वळले.

"तो सूर या दांड्यावर नाही, काका," चंथना म्हणाली.

"मग आहे कुठे?"

तिने त्यांचं बोट धरून एक पट्टी अलीकडे आणलं. "इथून ओढून घ्यावा लागतो. तार वर ढकला. आणखी. घाबरू नका, तुटत नाही."

लुंगनी तार ढकलली. सूर वाकडातिकडा होत वर चढला, जवळजवळ पोचला, घसरला.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा ढकलली.